जुन्या गाडीला नवा हातभार



जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या शौकिनांत एक वाद नेहमी रंगतो. कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशीच ती जपावी, असे काहींचे म्हणणे. उतारवयातल्या मनगटांना जड स्टिअरिंग पेलत नसेल, तर गाडी झाकून ठेवण्यापेक्षा तिला पॉवर स्टिअरिंगची जोड द्यावी, असे इतरांचे. पहिल्या पक्षाला ही जोड म्हणजे निव्वळ विटंबना वाटते.

पण आजच्या पॉवर स्टिअरिंगचा पाया ज्या प्रयोगाने घातला, तो प्रयोगच मुळी एका जुन्या गाडीला मागाहून दिलेली जोड होता! फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकेतील पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या मालमोटार विभागातील अभियंता. अवजड गाड्या वळवताना चालकांची होणारी दमछाक त्याच्या परिचयाची होती. नोकरी सोडून त्याने वॉल्थम गावी कार्यशाळा थाटली आणि जॉर्ज जेसप हा कसबी कारागीर हाताशी घेतला. तेलाच्या दाबाने चाके वळवावीत, हे सुचणे कठीण नव्हते. पण दाब सदैव कोंडून ठेवला की तेल गळू लागते. डेव्हिसने उलटा विचार केला. तेल त्याने मोकळे फिरते ठेवले. चालकाने चाक फिरविले की झडप किंचित सरकून तेलाची वाट आवळते आणि तेवढ्यापुरताच दाब चढतो. हात सैल पडला की तो ओसरतो. ही रचना त्याने १९२१ सालच्या एका उघड्या पिअर्स-अ‍ॅरो गाडीत बसविली व १९२६ मध्ये जनरल मोटर्सला दाखविली.

करार झाला; पण मंदीच्या काळात, १९३४ साली, कंपनीने अंग काढून घेतले. ग्राहकाच्या मोटारीत हे यंत्र आले ते १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरिअलमधून, तेही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे. पुढे जनरल मोटर्स पुन्हा त्याच्याकडे वळली, हे त्यातल्या त्यात बरे!

इंग्लंडची जग्वार ई-टाइप १९६१ साली आली, तेव्हा तिचे स्टिअरिंग हाताच्याच बळावर फिरे. १९७१ च्या बारा सिलिंडरांच्या ई-टाइपला मात्र खुद्द कारखान्यानेच पॉवर स्टिअरिंग दिले. म्हणजे विटंबनेचा आरोप ठेवायचा, तर तो जग्वारवरही ठेवावा लागेल.

एक आक्षेप मात्र खरा आहे. रस्त्याची जी बारीक थरथर चाकातून तळहाताला कळते, ती अति साहाय्याने बोथट होते. म्हणून आता अशा गाड्यांत पुष्कळदा तेलाच्या पंपाऐवजी डॅशबोर्डाखाली, स्टिअरिंगच्या दांड्यावर, विजेची लहान मोटार बसवितात. साहाय्य किती हवे ते बटण फिरवून ठरविता येते. अनेक जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. ती जोडणी आधी उलटवून घ्यावी लागते. गाडीचा पत्रा कापू देऊ नये. काढलेला मूळ दांडा तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावा. पुढच्या मालकाला तो पुन्हा बसविता येईल.