टॅझोंचा इतिहास कुणी लिहायचा? परभणी, पोकेमॉन आणि एका पिढीचे स्मरणरंजन

#थ्रेड

१/
२००३ साली ‘कार्टून नेटवर्क’ वाहिनीवर पोकेमॉन ही जपानी मालिका भारतात दिसू लागली. पुढच्या काही वर्षांत परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांतल्या शाळकरी मुलांच्या खिशांत प्लॅस्टिकच्या गोल चकत्या खुळखुळू लागल्या. ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत आणि पिकाचूचे पिवळे चित्र पाहिले की हळवी होतात. मात्र ज्या खेळातून पोकेमॉनचा जन्म झाला, तो मूळ खेळ यांतल्या बहुतेकांनी लहानपणी पाहिलेलाही नव्हता. मग ही आठवण नेमकी कशाची आहे?

२/
मूळ खेळापासून सुरुवात करावी लागते. सातोशी ताजिरी हा त्याचा जनक. त्याचे बालपण टोकियोलगतच्या माचिदा या उपनगरात गेले. तळी, शेते आणि झाडी यांत किडे पकडण्याचा त्याला विलक्षण छंद होता. शहर वाढत गेले, तळी बुजली, झाडी तुटली आणि किडेही दिसेनासे झाले. पुढच्या मुलांना तो शोधाचा आनंद मिळावा, या इच्छेतून आपल्याला खेळ सुचला, असे त्याने नंतर सांगितले. म्हणजे पोकेमॉनच्या मुळाशीच एका हरवलेल्या बालपणाची हुरहुर आहे.

३/
२७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी हा खेळ जपानात विक्रीस आला. त्याच्या ‘लाल’ आणि ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्या होत्या. कोणत्याही एका आवृत्तीत सगळे प्राणी सापडत नसत. संग्रह पुरा करायचा तर दुसरी आवृत्ती असलेला सवंगडी शोधायचा, दोन यंत्रे तारेने जोडायची आणि प्राण्यांची अदलाबदल करायची. एकट्याने संग्रह पुरा होऊ नये, अशीच त्याची रचना होती.

४/
किडे जमवण्याचा हा छंद परभणीच्या मुलांना नवा नव्हता. मृग नक्षत्राच्या पहिल्या सरींनंतर काळ्या रानात लाल मखमली मृगाचे किडे दिसतात. ते तळहातावर घेणे, काडेपेटीत ठेवणे, सोनकिडा सापडला तर त्याला बाभळीचा पाला घालणे, एकमेकांच्या पेट्या उघडून पाहणे, हे मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्यांनी केले आहे. जूनच्या मध्यावर शाळा भरत आणि काडेपेट्या दप्तरातून वर्गात पोहोचत. माचिदाचा मुलगा जे हरवले म्हणून हळहळला, ते गोदाकाठच्या मुलांना अजून परसात सापडत होते.

५/
१ एप्रिल १९९७ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर पोकेमॉनची मालिका सुरू झाली. १९९८ मध्ये खेळ आणि मालिका दोन्ही अमेरिकेत पोहोचले आणि १९९९ च्या नोव्हेंबरात ‘टाइम’ साप्ताहिकाने या वेडावर मुखपृष्ठकथा केली. तिकडे खेळ, मालिका आणि पत्ते असा सगळा संच मुलांच्या हाती होता. भारतात हा क्रम मोडला. गेम बॉय इथल्या बाजारात फारसा आलाच नाही. इथे टीव्हीला जोडायचे नकली संच होते आणि त्यांत मारिओ व कॉन्ट्रा असत. त्यामुळे परभणीत पोकेमॉन खेळ म्हणून आले नाही. ते गोष्ट म्हणून आले आणि तेही केबलवाल्याच्या तारेवरून.

६/
ही गोष्ट हिंदीत होती. पण परभणीच्या मुलाला ती भाषा परकी वाटण्याचे कारण नव्हते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि उर्दू ही राजभाषा होती. दखनी बोली इथल्या गल्लीबोळांत, बाजारात आणि उर्साच्या जत्रेत आजही कानावर पडते. मराठी शाळेतला मुलगा आणि उर्दू शाळेतला मुलगा संध्याकाळी एकाच मैदानावर ज्या मिश्र भाषेत भांडत, तिच्यात पिकाचू आणि चारिझार्ड ही नावे सहज मिसळली. त्यांचा उच्चार कसा करायचा याचा निवाडा गल्लीच करी.

७/
या काळाचा विचार विजेच्या टंचाईवाचून करता येत नाही. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमन तीव्र झाले आणि मराठवाड्यात दिवसातले कित्येक तास वीज नसे. ६ जून २००५ रोजी राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तरी अंधार लगेच सरला नाही. त्यामुळे मालिका सलग पाहणे हा अनेकांच्या वाट्याला न आलेला योग होता. अर्धा भाग पाहिलेला आणि उरलेला दुसऱ्या दिवशी वर्गात कुणाकडून तरी ऐकलेला. जे ऐकायलाही मिळाले नाही, ते मुले स्वतः रचत.

८/
आता त्या चकत्यांकडे वळू. चिप्सच्या पाकिटात निघणाऱ्या या चकतीचे नाव टॅझो. तिची वंशावळ मोठी रंजक आहे. हवाई बेटांवर दुधाच्या बाटल्यांच्या पुठ्ठ्याच्या झाकणांनी मुले खेळत. १९९१ च्या सुमारास ओआहू बेटावरच्या ब्लॉसम गाल्बिसो या शिक्षिकेने तो जुना खेळ आपल्या विद्यार्थ्यांना पुन्हा शिकवला आणि त्याची लाट उसळली. १९९४ मध्ये फ्रिटो-लेच्या मेक्सिकोतील साब्रितास या कंपनीने ती कल्पना उचलून टॅझो काढले. तिथून ते देशोदेशीच्या पाकिटांत शिरले. जपानातला पुठ्ठ्याचे तुकडे जमिनीवर आपटून दुसऱ्याचा तुकडा उलटवण्याचा ‘मेन्को’ हा खेळही याच जातकुळीचा.

९/
पाच-दहा रुपयांच्या पाकिटातून निघालेल्या टॅझोसोबत खेळाचे नियम येत, ते कोणी फारसे वाचत नसे. गावोगावच्या मुलांनी त्याला गोट्यांचे आणि काडेपेटीच्या छापांचे जुने नियम लावले. खडूने रिंगण आखायचे, टॅझोंची चळत रचायची, आपल्या टॅझोने नेम धरून आपटायचे आणि जितके उलटतील तितके खिशात घालायचे. जिंकलेला टॅझो परत मिळणार की नाही, हे डाव सुरू होण्यापूर्वी ठरे. रडीचा डाव खेळणाऱ्याला पुढच्या डावात जागा नसे. पंच नव्हते आणि छापील नियमावलीचा उपयोगही नव्हता, तरी न्याय होई. नियम गल्लीगणिक बदलत.

१०/
विनिमयाचीही स्वतंत्र पद्धत होती. घरात एकाच प्राण्याचे चार टॅझो निघाले की तीन बाजारात येत. दुर्मिळ टॅझोसाठी पाच-सहा साधे द्यावे लागत आणि दर मधल्या सुट्टीतल्या मागणीप्रमाणे वरखाली होई. दुकानदाराच्या माळेवरचे पाकीट बाहेरून चाचपून आत काय असेल याचा अंदाज बांधणारे जाणकारही होते. ताजिरीने तारेने जोडलेल्या दोन यंत्रांतून जी अदलाबदल घडवली, ती इथे यंत्रावाचून घडत होती. मूळ खेळ न पाहताच या मुलांनी त्याचा गाभा हस्तगत केला होता.

११/
तरी या चित्राला फार सोनेरी चौकट घालणे योग्य नव्हे. हीच वर्षे मराठवाड्यातल्या शेतीच्या हलाखीची होती. कापसाच्या पट्ट्यात कर्ज आणि आत्महत्या यांच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या आणि २००८ साली केंद्र सरकारला देशव्यापी कर्जमाफी जाहीर करावी लागली. ज्या घरात मीठ-मिरचीचा हिशेब होई, तिथे टॅझोसाठी चिप्सचे पाकीट मागण्याची सोय नव्हती. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांचा तर शाळेतला हंगामच बुडे. मैदानावर उशिरापर्यंत थांबून हरजीतीचे डाव खेळण्याची मोकळीक मुलींना मुलांइतकी नव्हती. ‘आपल्या सगळ्यांचे बालपण’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या ‘सगळ्यां’तून ही मुले वगळली जातात.

१२/
परंतु टॅझो नसलेला मुलगा खेळाबाहेर राहीलच असे नव्हते. ज्याचा नेम चांगला, त्याला मित्र एखादा टॅझो उसना देई आणि जिंकलेल्यांत वाटा ठरे. पुठ्ठा कापून, त्यावर चित्र काढून केलेले टॅझोही कधी कधी चालवून घेतले जात. ते खरे मानायचे की नाही, यावरून होणारे वाद हे त्या मुलांचे पैसा, प्रतिष्ठा आणि न्याय यांविषयीचे पहिले वाद होते. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्या पुठ्ठ्याच्या नकला अस्सल टॅझोंपेक्षा अधिक बोलक्या आहेत.

१३/
मोठ्यांना हा सगळा प्रकार जुगाराच्या जवळचा वाटे. टॅझो जप्त करून टेबलाच्या खणात टाकणारे शिक्षक अनेक शाळांत होते. ही धास्ती केवळ इथली नव्हती. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांनी पोकेमॉनच्या पत्त्यांना बंदी केली होती आणि २००१ मध्ये सौदी अरेबियाने हे खेळ व पत्ते देशातच निषिद्ध ठरवले. त्यामागच्या कारणांत जुगार हे एक प्रमुख कारण होते. मुले आपला स्वतंत्र बाजार मांडतात आणि त्याचे कायदे स्वतः करतात, तेव्हा मोठ्यांचे जग अस्वस्थ होते.

१४/
लाट आली तशी ओसरली. बेब्लेडच्या भोवऱ्यांनी मैदान घेतले, पाकिटांत दुसरी चित्रे निघू लागली. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ रिलायन्स जिओच्या सहकार्याने भारतात अधिकृतपणे आला. तोवर ती मुले पुणे, संभाजीनगर, हैदराबाद इथे शिकत किंवा नोकरी शोधत होती. या खेळातली ठिकाणे मुख्यतः ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळाच्या नकाशावरून घेतलेली होती. तो खेळ जिथे फारसा कोणी खेळलेले नव्हते, ती लहान गावे नव्या नकाशावर जवळपास रिकामी राहिली. सुट्टीत गावी परतलेल्या तरुणाला पुण्यात पावलोपावली सापडणारे प्राणी तिथे शोधूनही सापडत नसत.

१५/
स्मरणरंजनासाठी युरोपीय भाषांत जो शब्द रूढ आहे, ‘नॉस्टॅल्जिया’, तो १६८८ साली योहानेस होफर या तरुण स्विस वैद्यकाने आपल्या प्रबंधात घडवला. घरापासून दूर गेलेल्यांना जडणारा आजार, असा त्याचा अर्थ होता. पुढे स्वेतलाना बॉइम या अभ्यासिकेने २००१ मधील ग्रंथात त्याचे दोन प्रकार मांडले. एक हरवलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहतो. दुसरा ते परत येणार नाही हे मान्य करून त्याचा विचार करतो. गाव सोडून गेलेल्या परभणीकरांच्या बाबतीत होफरचा जुना अर्थ आजही लागू पडतो. पिकाचूच्या आडून आठवण येते ती घराची.

१६/
बाजाराला पहिला प्रकार सोयीचा असतो. पोकेमॉनच्या एका दुर्मिळ पत्त्यासाठी २०२१ मध्ये ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजले गेले. कंपनीने जे बनवले होते, ते नव्या वेष्टनात पुन्हा विकता येते. पण रिंगण, उसनवारी, पुठ्ठ्याचे टॅझो, वीज गेल्यावर रचलेले उरलेले कथानक या गोष्टी कंपनीने बनवलेल्याच नव्हत्या. त्या मुलांनी बनवल्या. म्हणून त्या कोणत्याही दुकानात मिळत नाहीत आणि त्यांची नोंदही कुठे होत नाही.

१७/
आपल्याकडे खेळांच्या नोंदीची परंपरा मात्र जुनी आहे. संतांच्या अभंगांत हमामा, हुतूतू, विटीदांडू येतात. नामदेवांचे नरसी १ मे १९९९ पर्यंत, म्हणजे हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत, परभणी जिल्ह्यातच होते आणि जनाबाईंचे गंगाखेड आजही आहे. विसाव्या शतकात द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले आणि देशी खेळांचे नियम बारकाईने नोंदवले. २००३ नंतरच्या खेळांना असा कोशकार लाभलेला नाही. ते ‘परदेशी’ म्हणून लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने सोडले आणि ‘पोरकट’ म्हणून इतिहासकाराने सोडले.

१८/
स्मृती कोवळी आहे तोवरच हे काम होऊ शकते. कुणाच्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात टॅझो असतील, तर त्यांचे छायाचित्र घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्याशी कसे खेळत ते लिहून ठेवावे: गाव, गल्ली, साल, चळत किती टॅझोंची, उलटला कधी मानायचा, उसन्या टॅझोवर वाटा किती, कोण खेळत असे आणि कोण नुसते बघत उभे राही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना जीभ जराशी अडखळेल. तरीही ते लिहावे. प्राण्यांची नावे आणि क्रमांक कंपनीच्या दफ्तरात सुरक्षित आहेत. परभणीच्या मैदानावर कडेला उभ्या असलेल्या मुलाची नोंद मात्र त्याच्या सवंगड्यांनीच करायची आहे.