ब्रेल पाटी

ब्रेल पाटी हे अंध व्यक्तींनी हाताने ब्रेल लिपीत लिहिण्याचे साधन आहे. तिच्यासोबत स्टायलस नावाची, मुठीत बसणारी टोकदार आरी वापरतात.

रचना

पाटीत बिजागरीने जोडलेल्या, धातूच्या किंवा प्लास्टिकच्या दोन पट्ट्या असतात. वरच्या पट्टीत आयताकृती घरे, तर खालच्या पट्टीत प्रत्येक घराखाली सहा खळगे असतात. दोहोंमध्ये जाड कागद अडकवून स्टायलसने टोचले की मागील बाजूस ठिपका उठतो. शेजारच्या दोन ठिपक्यांतील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते.

लेखनपद्धती

ठिपके मागे उठत असल्याने उजवीकडून डावीकडे, अक्षरे उलटी करून लिहावे लागते. कागद उलटल्यावर मजकूर डावीकडून उजवीकडे वाचता येतो. ‘इ’ (ठिपके २ व ४) आणि ‘ए’ (ठिपके १ व ५) ही चिन्हे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. त्यामुळे स्वरचिन्ह उलटे करण्याचे राहिल्यास ‘दिवा’चा ‘देवा’ होतो. कागद काढल्याशिवाय लिहिलेले तपासता येत नाही.

इतिहास

अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलेंटिन हॉय यांनी पॅरिसमध्ये अंधांसाठी उठावदार रोमन अक्षरांची पुस्तके तयार केली. ती बोटांनी वाचता येत. परंतु तशी अक्षरे हाताने लिहिणे अंधांना शक्य नव्हते. चार्ल्स बार्बिये यांनी ठिपक्यांची लिपी आणि ती टोचण्यासाठी खाचांची फळी तयार केली. लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांनी बारा ठिपक्यांऐवजी सहा ठिपक्यांची रचना केली व १८२९ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली. एका बोटाच्या अग्राखाली मावणारे हे चिन्ह साध्या पाटीवर लिहिताही येत असल्याने अंध व्यक्तीला स्वतःची टिपणे काढणे व पत्रे लिहिणे शक्य झाले.

मराठीतील वापर

मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंधशाळा सुरू केली. तीच आजची दादर येथील अंधशाळा होय. भारतात पूर्वी निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रचलित होत्या. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धती स्वीकारण्यात आली. तीत स्वराचे चिन्ह नेहमी व्यंजनानंतर येते. त्यामुळे देवनागरीत ‘दि’ लिहिताना वेलांटी ‘द’च्या आधी येत असली, तरी ब्रेलमध्ये आधी ‘द’ व मग ‘इ’ लिहितात. ‘ळ’साठी ४, ५ व ६ हे ठिपके वापरतात.

सद्यस्थिती

१९५१ मध्येच बाजारात आलेल्या पर्किन्स ब्रेलरवर एका अक्षराचे सर्व ठिपके एकदम उमटतात व लिहितानाच वाचता येतात. मात्र हे यंत्र जड व महाग आहे. संगणकाच्या काळातही स्वस्त, दप्तरात मावणारी आणि विजेविना चालणारी ब्रेल पाटी वापरात टिकून आहे.