गेंड्या भुंग्याला मारणारी बुरशी मातीतून कशी निवडतात?

रत्नागिरीत माडाच्या झावळ्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले की बागायतदार ओळखतात, गेंड्या भुंगा आलाय. हा भुंगा शेंड्यात शिरून न उमललेला कोंब खातो. लहान माड यात मरूही शकतो. वर जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा मागोमाग येतो, तो आणखी घातक.

पण गेंड्या भुंग्याच्या अळ्या माडावर नसतात. त्या कित्येक महिने शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, अनेकदा त्याच बागेतल्या. तिथे त्यांना गाठते मेटारायझियम ही मातीतली बुरशी. तिचे बीजाणू अळीच्या त्वचेला चिकटून रुजतात आणि त्वचा भेदून आत शिरतात. मेलेली अळी कडक होते, मग तिच्यावर हिरवी भुकटी दिसू लागते. ती भुकटी म्हणजे नवे बीजाणू. १८७९ मध्ये इल्या मेचनिकॉफ यांनी ओडेसा भागात गव्हावरच्या भुंग्यांवर या बुरशीचा अभ्यास केला होता. पुढे रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी नोबेल मिळवणारे तेच हे मेचनिकॉफ.

मातीतून ही बुरशी शोधायची पद्धत फार साधी आहे. मातीचा नमुना डब्यात घ्यायचा आणि त्यात जिवंत अळ्या सोडायच्या. त्यासाठी मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या वापरतात. गिस्बर्ट झिमरमान यांनी १९८६ मध्ये ही पद्धत मांडली. मेलेल्या अळ्या बाहेरून निर्जंतुक करून ओलसर ठेवतात. अंगातून बुरशी फुटली, तर ती वेगळी काढून वाढवतात.

खरी निवड इथून पुढे सुरू होते. मेणाच्या अळीला मारणारा वाण गेंड्या भुंग्याच्या अळीला मारेलच असं नाही, म्हणून मूळ किडीवर चाचणी लागतेच. तांदळावर बीजाणू भरपूर येतात का, मधमाश्यांसारख्या उपयोगी कीटकांना अपाय होतो का, हेही तपासतात. तापमान तर निर्णायक ठरतं. या बुरशीला साधारण २५ ते ३० अंश मानवतात, ३५ च्या पुढे वाढ मंदावते. ताजं शेण कुजताना याहून बरंच तापतं.

स्थानिक वाण शोधतात ते यासाठीच. तो तिथल्या जांभ्या मातीत, पावसात आणि उकाड्यात टिकलेला असतो. अर्थात स्थानिक म्हणजे जास्त मारक, असा नियम नाही. शिवाय गरज किडीगणिक बदलते. आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी ऊन आणि कोरडी हवा सोसणारा वाण हवा, तर खड्ड्यात अंधार आणि ओलावा असतो. एकच वाण दोन्हीकडे चालेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

वापरताना नोंदणीकृत पाकीट घ्यावं, मुदत पाहावी, प्रमाण पाकिटावरचंच ठेवावं. खत ओलसर पण थंड झालेलं असावं आणि बुरशी संध्याकाळी मिसळावी. बोर्डो मिश्रणाचा पंप न धुता त्यातच बुरशी भरली, तर मोरचूद अळीआधी बुरशीलाच मारतं.