थेंबाचा माग

आमच्या आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते जुनं आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलंय. महाळुंगे पडवळचा हा गडी १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकला आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वय अवघं बावीस. तालुक्याचा इतिहास आठवायला बसलो की मला मोटार पहिल्यांदा भेटते ती अशी.

भीमाशंकरच्या रानात मात्र माणसं पिढ्यान्‌पिढ्या पायीच आली. कोकणातले खांडसवरून शिडी घाटानं नाहीतर गणेश घाटानं चढायचे. खेडकडचे भोरगिरीवरून रानातल्या वाटेनं यायचे. महाशिवरात्रीला आजही काही जण तसेच येतात. आमच्या वाडीतला हिरडा डोक्यावरून खाली जायचा, मीठ-मिरची डोक्यावरून वर यायची. आजारी माणूस खाली न्यायचा तर डोली. चार खांदेकरी, बदलीला चार, आणि पुढं कंदील घेतलेला एक.

ही डोली बंद केली ती जीपनं. जीप मुळात लढाईतली गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीनं ती लष्करासाठी बनवली. चिखल, दगड, चढ काही म्हणायची नाही. आपल्याकडे १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या महिंद्रा कंपनीनं पुढं विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. त्याच सुमारास सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातली फियाट पुढं पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. पुण्यात १९४६ ला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. मंचर-नारायणगाव पट्ट्यातल्या विहिरींवर वीज यायच्या आधी इंजिनांचा फट्‌ फट्‌ आवाज घुमायचा. आमच्याकडची माणसं इंजिन शिकली ती शाळेत नाही, विहिरीच्या थारोळ्यावर.

त्या काळची यंत्रं तेल गाळायचीच, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. कारण साधं आहे. दोन लोखंडी भाग एकमेकांवर बसवले की मधे फट राहते. ती बुजवायला पॅकिंग घालतात. पूर्वी हे पॅकिंग बुचाच्या झाडाच्या सालीचं, म्हणजे कॉर्कचं असायचं, नाहीतर जाड कागदाचं. फिरणाऱ्या क्रँकच्या टोकाला तर बऱ्याच इंजिनांत ग्रीस पाजलेली चक्क दोरी असायची. पुढं चामड्याचं सील आलं, मग रबराचं. पण कॉर्क वाळतो, रबर उष्णतेनं कडक होतं, दोरी झिजते. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीखाली डाग पडला तर तो बनवणाऱ्याचा दोष नव्हे, वयाचा आहे. माणसाचे गुडघे दुखतात तसंच.

आमच्या घरी अशीच एक वय झालेली डिझेल जीप आहे. वाडीला ती घरची गाडी नाही, वाडीचीच आहे. आषाढात रात्री बाई अडली किंवा कुणाला पान लागलं, तर घोडेगावच्या दवाखान्यापर्यंत तीच नेते. काही वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर तिच्याखाली रोज सकाळी भाकरीएवढा डाग दिसायला लागला. आठवड्याला अर्धा लिटर तेल जायला लागलं. घाटात तेल संपलं तर इंजिन जाम होणार, आणि पावसात, रात्री, पेशंट मागं असताना जाम झालं तर काय, हे सांगायला नको.

खालच्या एका गॅरेजवाल्यानं वाकून बघितलं. तेल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकत होतं. तो म्हणाला, "क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवायचा. रिंगाही गेल्यात, इंजिन खोलूनच टाका. चाळीस हजार धरून चाला." चाळीस हजार म्हणजे आमचं सालभराचं भात आणि हिरडा मिळूनही होत नाही. पोरं म्हणाली, भंगारात घाला.

आमचे चुलते, ज्यांना सारी वाडी तात्या म्हणते, त्यांनी उमेदीची वर्षं मंचरकडच्या बागाईतदाराच्या इंजिनावर काढली. त्यांना विचारलं, "तात्या, मागचं सील गेलंय म्हणतात."

"म्हणू दे. तेल खाली उतरतं, वर चढत न्हाई. जिथं टपकतंय तिथलं हाये कशावरून? सगळ्यात वरचा ओला ठिपका हुडक आधी."

मग आम्ही माग काढायला बसलो. पहिलं काम, तेल कुठलं ते ओळखायचं. गाडीखाली पुठ्ठा टाकला. इंजिनचं तेल काळं असतं. गिअरबॉक्सचं जाड, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेकचं तेल पातळ आणि रंग खाणारं. डिझेलचा वास लपत नाही. पुठ्ठ्यावरचं तेल काळं होतं आणि उग्र वास नव्हता. म्हणजे इंजिनचंच. गिअरबॉक्स सुटला.

दुसरं काम धुण्याचं. इतक्या वर्षांची धूळ आणि तेल मिळून इंजिनवर काळी पुटं चढलेली. इंजिन पुरतं थंड झाल्यावर रॉकेल आणि जुन्या ब्रशानं ती काढली, चिंध्यांनी पुसली, दिवसभर वाळू दिली. खाली घमेलं ठेवलं होतं. ते रॉकेल ओढ्यात सोडलं असतं, तर घोड नदीनं डिंभ्यात आणि तिथून कालव्यानं खालच्या गावांत गेलं असतं. ते कॅनमध्ये भरलं आणि जुनं तेल नेणाऱ्याला दिलं.

तिसरं काम पावडरीचं. हे तात्यांचंच. कोरड्या इंजिनवर चेहऱ्याला लावायची पावडर भुरभुरवली. फडक्यात बांधून मंडळींनीच हळूहळू झटकली आणि म्हणाल्या, "अहो, मला कधी येवढी पावडर आणली न्हाई." पांढऱ्यावर काळं लपत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. गाडी चालू करून वीस मिनिटं ठेवली, मग डांबरीपर्यंत एक फेरी मारली. परत आल्यावर चाकांना दगड लावले, जॅकच्या जोडीला लाकडी ओंडके दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हा आमच्याकडे दंडक आहे. नातू बॅटरी घेऊन आत सरकला.

खालचा सांधा ओला होता, पण त्याच्या वरची भिंतही ओली होती. बॅटरी वर सरकवत नेली. एक काळी रेघ इंजिनच्या मागच्या अंगानं वर, वर, थेट हेडवरच्या कव्हरापर्यंत गेली. कव्हराच्या मागच्या कोपऱ्यातून तेल निघत होतं, इंजिनच्या पाठीवरून उतरत होतं, आणि सांध्यापाशी येऊन टपकत होतं. सील बदनाम झालं होतं दुसऱ्याच्या करणीनं.

मला वाटलं, झालं, पॅकिंग बदलू. तात्या म्हणाले, "पॅकिंग वाळलंय खरं. पर तेल जोरानं का भाईर येतंय? इंजिनला दम लागलाय का बघ."

इंजिनलाही श्वास लागतो. पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं थोडा धूर खाली उतरतोच. तो बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. जुन्या इंजिनांत ती सरळ खाली उघडी सोडलेली असायची, पळत्या गाडीचा वारा तिच्यातून धूर ओढून घ्यायचा. त्या धुरानं हवा खराब होते म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेत तो परत इंजिनातच जाळायची सक्ती आली. पण नळी कुठलीही असो, ती तुंबली की आत दाब वाढतो, आणि जिथं पॅकिंग कच्चं तिथून तेल बाहेर फेकलं जातं.

आमची नळी काढली. आतली तारेची जाळी काळ्या खळीनं भरलेली, आणि खालच्या तोंडाशी मातीचं घर. उन्हाळाभर गाडी उभी असताना कुंभारीण माशीनं ते बांधलेलं. रॉकेलनं जाळी धुतली, माती काढली, फुंकर आरपार गेली. पॅकिंग तसंच ठेवून गाडी दोन दिवस चालवली, म्हणजे कुणाचा वाटा किती ते कळावं. डाग भाकरीचा रुपयाएवढा झाला. मग मंचरहून नवं पॅकिंग आणलं, कव्हराची बैठक खरवडून साफ केली आणि बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे करत आवळले. कॉर्क फार आवळला तर चिरडतो आणि पुन्हा गळतो. पॅकिंग, रॉकेल, पावडर, सगळं मिळून खर्च हजाराच्या आत.

मागचं सील अगदीच नवं नव्हतं. तिथं थोडा ओलावा अजून येतो, महिन्याला पाव लिटर तेल घालावं लागतं. तेवढं या वयाच्या इंजिनला चालतं. दर रविवारी सपाट जागी, इंजिन थंड असताना काठी काढून तेल बघायचं, हे काम नातवाकडे दिलंय. तो वहीत लिहून ठेवतो.

त्या श्रावणात जीप तीनदा रात्रीची घोडेगावला गेली. दोन बाळंतपणं आणि एक सर्पदंश. तिन्ही वेळा माणसं परत घरी आली. त्यातल्या एका पोरीचं बारसं झालं तेव्हा तात्यांना मानाचा नारळ दिला होता.