पद्मिनीची दोन दुखणी

मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 पासून बनवलेली फियाट 1100 डिलाइट, हीच 1974 मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तिच्या कार्बोरेटरचं तत्त्व त्याहून जुनं. 1893 मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने बारीक नळीतून पेट्रोल हवेत फवारलं, तेच हे.

आमच्या धामणगाव रेल्वेत घराशेजारी अशी एक पद्मिनी आहे. प्लग काजळीने काळे, धुराला पेट्रोलचा वास, शिवाय कार्बोरेटरमधून थेंब थेंब गळती. गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीचीच भीती! मी पडलो एमएस्सीवाला. एका भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा लागते, हे पाठ. म्हणून मिश्रणाचा स्क्रू फिरवत बसलो आणि गळतीसाठी गॅस्केट बदललं. दोन रविवार गेले.

मिस्त्रीकाका म्हणाले, "काहून स्क्रू फिरवून राह्यला बाबू? आधी फ्लोट पाय."

छतावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, तसाच हा पोकळ फ्लोट. पेट्रोल भरलं की तो वर येऊन नीडलने वाट बंद करतो. काकांनी तो काढून कानाजवळ हलवला, तर आत खळखळ! भोक पडून पेट्रोल शिरलेलं, त्यामुळे तो वर येईचना. पातळी वाढून जेटमधून जास्त पेट्रोल जायचं, उरलेलं बाहेर सांडायचं. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच.

नव्या फ्लोटने गळती थांबली. स्क्रू जागेवर आणायला मात्र आणखी एक सकाळ गेली, कारण किती फेरे फिरवले ते मी लिहूनच ठेवलं नव्हतं.