प्रेषिताचा अधिकार

नागपूरहून राजनांदगावास जाणारा लोहमार्ग भंडारा रोड व तुमसर या स्थानकांवरून गोंदियाकडे वळतो. गोंदियाचा स्वतंत्र जिल्हा १९९९ साली झाला. तत्पूर्वी हा सारा टापू भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त राजनांदगावास निघाले असता आगगाडीत त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटला. काव्यावरून बोलणे धर्मावर आले, आणि निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचे नाव त्यांस अखेरपर्यंत कळले नाही.

या अनामिकास कोणी पाठविले, असे एखाद्या श्रद्धावान ख्रिस्त्यास विचारले तर तो 'देवाने' असे निःशंकपणे सांगेल. प्रेषित म्हणजे पाठविलेला. 'मिशन' या लॅटिन कुळातील शब्दाचा अर्थही पाठवणी असाच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित ख्रिस्त आधी स्वर्गातील व पृथ्वीवरील सर्व अधिकार आपणांस मिळाल्याचे सांगतो, आणि मगच शिष्यांस सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा करतो. आज्ञेचे बळ सर्वस्वी त्या अधिकारावर उभे आहे. परंतु येथेच मोठा पेच आहे. देवाचा हुकूम सांगणाऱ्या माणसापुढे इतर हुकुमांची किंमत काय? आणि त्यास खरोखर देवानेच पाठविले हे ओळखावे कशाने?

हा अधिकार राजदंडाशी जोडला गेला म्हणजे काय होते, ते गोव्याने पाहिले आहे. तेथे १५६० साली स्थापन झालेले धर्मन्यायालय मधला अल्प खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चालले. प्रेषिताचा पाश त्याच्या स्वतःच्या गळ्यात न पडता दुसऱ्याच्या गळ्यात पडला, म्हणजे त्याचे शासन होते.

याच्या उलट बाजूचे दृष्टांतही आपल्याच इतिहासात आहेत. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांनी येथे राहावे हे कंपनी सरकारला मान्य नव्हते. त्यांना परत धाडण्याचे हुकूम सुटले होते. त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांस अर्जांवर अर्ज केले, आणि आपण वरिष्ठतर आज्ञेने आलो आहोत ही भूमिका सोडली नाही. अखेर त्यांस राहू देण्यात आले व अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला.

पुढे तीस वर्षांनी, १८४३ साली, स्कॉटलंडात हाच प्रश्न चर्चच्या घरात उपस्थित झाला. मंडळीवर तिच्या मर्जीविरुद्ध धर्मगुरू लादण्याचा आश्रयदात्यांचा हक्क सरकारी न्यायालये उचलून धरीत होती. चर्चचा धनी ख्रिस्त, जमीनदार नव्हे, असे म्हणून साडेचारशेहून अधिक धर्मगुरू आपली चर्चे, घरे व वेतने सोडून बाहेर पडले आणि 'फ्री चर्च' निघाले. त्याच पंथाचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली भोसल्यांच्या नागपुरास आले. याच परंपरेतील स्कॉटिश मिशनचे ठाणे पुढे भंडाऱ्यासही झाले आणि तेथे त्यांचे रुग्णालय चालले.

पण ज्यांनी परक्याचे आश्रयदातृत्व झुगारले, तेच येथे आश्रयदाते होऊन बसले. वेतन मिशनचे, बंगला मिशनचा, निर्णयही मिशनचा. देशी उपदेशकाचा धनी नावापुरता ख्रिस्त, व्यवहारात परदेशातील बोर्ड! यात सर्वांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. कित्येकांनी या देशात देह ठेवला. तथापि पगारपत्रकावर सही करणारा हात आणि पाठविणारा हात यांची गल्लत होणे अटळ होते.

ती गल्लत टिळकांनी मोडली. ते अमेरिकन मराठी मिशनचे नोकर होते; १९०४ साली त्यांस धर्मगुरूची दीक्षाही मिळाली होती. १९१७ साली त्यांनी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस तेथे सारखाच प्रवेश होता. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे मानणाऱ्या या कवीने तो सेतू इतरांसाठीही मोकळा ठेवला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

हॉल व नॉट यांनी मुक्कामाची शाश्वती, फ्री चर्चवाल्यांनी घरे, टिळकांनी वेतन पणास लावले. देवाने पाठविले, हे म्हणणे सोपे आहे. ते सिद्ध करण्यास मनुष्याजवळ शास्त्रीय साधन नाही. तथापि त्या म्हणण्याची किंमत कोण भरतो, एवढे तरी इतिहासास निश्चित पाहता येते. गोव्यात ती श्रोत्यांनी भरली. येथे सांगणाऱ्याने स्वतः भरली. ज्याची श्रद्धा निराळी आहे त्या वाचकानेही, कोणत्याही धर्माचा वा पक्षाचा दूत दाराशी आला असता, त्याचे अधिकारपत्र उघडण्यापूर्वी हीच नोंद आधी पाहावी, असे आम्हांस वाटते.