दोन सूर्योदयांचे उड्डाण

एकाच उड्डाणात दोनदा सूर्योदय पाहिल्याबद्दल प्रवाशांना प्रमाणपत्र मिळत असे! ही दंतकथा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, यांच्या दरम्यान चाललेल्या विमानसेवेची ही गोष्ट आहे. आजचा धागा तिच्याविषयी.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग मधोमध तुटला. तोवर विमाने ठिकठिकाणी उतरून, इंधन भरून पुढे जात. आता मधले तळच जपानच्या हाती गेले होते. तुटलेला मार्ग सांधायचा, तर हिंदी महासागर एका दमात ओलांडणे भाग होते. पर्थच्या स्वान नदीपासून गालेजवळच्या कोग्गला सरोवरापर्यंतचे हे अंतर होते सुमारे ५,६०० किलोमीटर.

१० जुलै १९४३ रोजी क्वांटास कंपनीने ही सेवा सुरू केली. त्यासाठी निवडलेली 'कॅटलिना' ही पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी विमाने अतिशय संथ होती; ताशी जेमतेम २०० किलोमीटर. पण येथे वेगाला महत्त्वच नव्हते. न उतरता किती काळ हवेत राहता येते, एवढाच प्रश्न होता.

त्याचे मोल वजनात मोजले जाई. विमानाच्या पोटात इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या, अनावश्यक साहित्य उतरवले. इतके करूनही जागा उरली ती फक्त तीन प्रवाशांना आणि सुमारे ६९ किलो टपालाला! उड्डाणानंतरचे पहिले काही तास तर विमान इतके जड असे की एक इंजिन बंद पडले, तर दुसऱ्याच्या बळावर तग धरणे अशक्य होते.

शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ मूक ठेवला जाई आणि जपानी टेहळणीचा टापू अंधारात ओलांडला जाई. दिशा दाखवायला उरत ते तारे. पाचही विमानांना ताऱ्यांचीच नावे होती: अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस, स्पायका. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा. (मला स्वतःला हा तपशील सर्वांत जास्त आवडतो.)

प्रवासाला साधारण २७ ते ३२ तास लागत. सर्वांत दीर्घ उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचे झाले. २०१८ च्या मार्चपासून पर्थहून लंडनला विनाथांबा विमान जाते. ते अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर आणि वेळ सुमारे १७ तास. म्हणजे अडीचपट अंतर, जवळजवळ निम्म्या वेळात. तरीही हवेतील कालावधीच्या दृष्टीने नियमित प्रवासी सेवांतील विक्रम आजही त्या संथ कॅटलिनांच्याच नावावर आहे.

जुलै १९४५ मध्ये ही सेवा थांबली. तोवर महासागर २७१ वेळा ओलांडला गेला होता आणि एकही विमान गमावले नव्हते. ही विमाने मात्र अमेरिकेकडून लेंड-लीज करारान्वये आलेली होती. युद्ध संपल्यावर त्या कराराच्या अटींनुसार ती ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडवण्यात आली.